स्वतःचं घर बांधायचं का? कुदळ मारण्याआधी करायचा हिशेब

फ्लॅट घेणाऱ्याला किंमत आधी कळते, घर बांधणाऱ्याला शेवटी. तालुक्याच्या गावात, शहराच्या कडेला किंवा वाडवडिलांच्या जागेत बांधायला निघालेली बरीच माणसं इथेच फसतात. जागा असते, हौस असते, ओळखीचा गवंडी असतो. चौथरा उठेपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि प्लास्टरच्या वेळी पैसा संपतो. मग बिनरंगाच्या, बिनखिडक्यांच्या घरात ताडपत्री लावून राहायची वेळ येते. चौथरा झाल्यावर मागे फिरता येत नाही, म्हणून खालच्या सगळ्या गोष्टी त्याआधी तपासायच्या आहेत. एखादी जमली नाही तर थांबायचं, निदान पुढच्या दिवाळीपर्यंत तरी.

जागा तुमची आहे, की नुसती ताब्यात आहे?

सातबारा हातात घेऊन आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही आणि बँकही तारण घ्यायला कुरकुरते. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक पाहा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांचा तपासणी अहवाल घ्या. कर्ज काढायचं नसलं तरी घ्या.

वडिलोपार्जित जागेत अडचण वेगळी असते. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं हयात नसतात आणि वारसनोंद झालेली नसते. ‘ही कडेची जागा आमच्या वाट्याची’ हे घरातल्या सगळ्यांना तोंडी मान्य असतं, पण ज्या दिवशी तिथे २५ लाखांचं घर उभं राहतं त्या दिवसापासून तोंडी मान्यता डळमळायला लागते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. त्यामुळे बहिणींची, आत्यांची नावं आहेत का हे पाहा. त्यांनी हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, साध्या कागदावरची सही चालत नाही. सगळे तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घ्या आणि तुमच्या हिश्श्याचा स्वतंत्र सातबारा होईपर्यंत एक वीटही रचू नका. यात वर्ष गेलं तरी चालेल.

नवी जागा घेताना बिगरशेतीचा आदेश किंवा सनद, मंजूर रेखांकन आणि पोहोचरस्ता या तिन्ही गोष्टी कागदावर दिसल्या पाहिजेत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही घेता येत नाही; वारसाने आलेली ठेवता येते. ‘एक-दीड गुंठा स्वस्तात, नंतर नियमित होईल’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवर बँक सहसा कर्ज देत नाही. परवानगीही अडते.

मग मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळवा आणि हद्दीच्या खुणा शेजाऱ्याच्या समक्ष पक्क्या करून घ्या. कुंपणाचा दगड ही हद्द नव्हे. फूटभर आत-बाहेर निघालं तरी सामासिक अंतर (घराभोवती मोकळी सोडायची जागा) कमी पडतं आणि नकाशा पुन्हा काढावा लागतो.

२ गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. ऐकायला भरपूर वाटतं. ३३ फूट रुंद, ६६ फूट खोल असा प्लॉट धरा. समजा पुढे १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५-५ फूट सोडायला लागले, तर हातात २३ बाय ५१ फूट उरतात. नेमकं किती सोडायचं हे रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि परवानगी देणारी संस्था यांवर ठरतं. महानगरपालिका-नगरपालिकांच्या हद्दीत बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित विकास नियमावली लागू आहे, मुंबई त्यातून वगळलेली आहे. प्लॉट घेण्याआधीच परवानाधारक अभियंत्याकडून एवढं एक उत्तर घ्या: इथे किती बांधता येईल?

ड्रेनेज लाइन नसलेल्या भागात आणखी एक गोष्ट प्लॉटच्या आकारावरून ठरते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून १८ मीटर, म्हणजे सुमारे ५९ फूट लांब असावा असं भारतीय मानक सांगतं. ३३ बाय ६६ च्या प्लॉटचा कर्ण ७४ फूट भरतो. म्हणजे बोअर प्लॉटच्या एका टोकाला आणि शोषखड्डा पार दुसऱ्या टोकाला, शक्यतो तिरक्या कोपऱ्यात, एवढीच मांडणी बसते. त्यातही शेजाऱ्याचा शोषखड्डा तुमच्या बोअरच्या भिंतीपलीकडे असला तर तीही गेली. प्लॉट पाहायला जाल तेव्हा शेजारच्यांची बोअर आणि शोषखड्डा कुठे आहे ते विचारून कागदावर खुणा करून आणा.

जमिनीखाली काय आहे?

घर जिथे उभं राहणार त्याच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर जेसीबीने ६ ते ८ फुटांचे खड्डे घेऊन पाहा. हा खर्च घराच्या मानाने नगण्य आहे, तरीही फार थोडे लोक तो करतात.

दोन-तीन फुटांवर कडक मुरूम लागला तर साधं फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) पुरतं. काळी माती खोलवर असेल तर हिशेब बदलतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये तिच्या भेगांत हात जातो. तिच्यावर उथळ पाया घेतला की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा जायला लागतात. त्यावर कितीही लांबी भरली तरी पुढच्या मे महिन्यात त्या परत उघडतात. इथे मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले, जमिनीत खोल भरलेले काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतात, आणि दोन्ही मार्ग महाग आहेत. खणून काढलेली काळी माती चौथऱ्यात परत भरायची नाही. मुरूम आणून ६ ते ९ इंचांचे थर द्यायचे, पाणी मारायचं आणि धुम्मस करायची. ती भरणी नीट झाली नाही की फरशी बसते.

प्लॉट रस्त्यापेक्षा खाली आहे का, हे पावसाळ्यात जाऊन पाहा. २ गुंठे जागा नुसती २ फूट उचलायची तरी ४,३५६ घनफूट, म्हणजे ४४ ब्रास मुरूम लागतो. दाबल्यावर तो बसतो, म्हणून ५० ब्रासच्या वर धरा. ‘प्लॉट स्वस्त मिळाला’ यामागे पुष्कळदा हाच खड्डा असतो.

दर सोडा, एकूण रक्कम काढा

ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतो आणि आपण तो मनातल्या घराच्या आकाराने गुणतो. चूक इथे होते, कारण दर कशाचा आणि गुणायचं कशाला, हे दोन्ही ठरलेलं नसतं.

समजा तुम्हाला खाली ६०० आणि वर ६०० असं १,२०० चौरस फुटांचं घर हवंय आणि मालासह दर २,००० रुपये सांगितलाय. तुमच्या डोक्यात २४ लाख बसतात. ठेकेदार मात्र बिल स्लॅबच्या क्षेत्रावर करतो. पोर्च १२०, गॅलऱ्या ८० आणि जिन्यावरची खोली १०० धरली की १,५०० फूट झाले, म्हणजे ३० लाख. यात फसवणूक नाही, धंद्याची पद्धत आहे. गॅलरी आणि पोर्च पूर्ण मोजायचे की निम्मे, हे करारात लिहून घेणं तुमचं काम.

त्या दरात काय नाही याची यादी मागा. सहसा त्यात कंपाउंड वॉल नसते (वरच्या प्लॉटला ती जवळजवळ २०० फूट लांब होते). गेट, बोअर, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, महावितरणचं तात्पुरतं आणि कायमचं कनेक्शन, खिडक्यांचे ग्रिल, स्वयंपाकघरातली कपाटं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, आर्किटेक्ट आणि आरसीसी डिझाइनची फी, परवानगीचे शुल्क हेही नसतं. ही बाहेरची कामं मिळून मूळ रकमेच्या पाव हिश्श्यापर्यंत सहज जातात. ३० लाखांवर साडेसात लाख. त्यावर १० टक्के अडीअडचणीसाठी ठेवा, कारण वर्षभरात स्टीलचा भाव हलतो आणि घरातल्यांचं मनही हलतं. एकूण ४१ लाखांच्या आसपास. २४ लाखांच्या तयारीने उतरलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे यावरून कळेल.

जीएसटी दरात आहे का, हे स्पष्ट विचारा. एकट्या घराचं नुसतं मजुरीचं काम करमुक्त आहे. नोंदणीकृत ठेकेदाराने मालासह काम घेतलं तर १८ टक्के लागतो. मजुरीवर काम दिलं की पैसे वाचतात, पण मग सिमेंट संपलं, खडी आली नाही, रात्री स्टील कोण सांभाळणार, हे सगळं तुमच्या गळ्यात येतं.

कोटेशन खरं आहे का हे मालाच्या आकड्यांवरून तपासता येतं. साध्या दुमजली आरसीसी घराला स्लॅबच्या चौरस फुटामागे साधारण ०.४ ते ०.४५ पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो स्टील लागतं. १,५०० फुटांना ६०० ते ६७५ पोती आणि सव्वापाच ते सहा टन स्टील झालं. कोणी साडेतीन टनांत बसवतो म्हणत असेल तर त्याच्याकडे आरसीसी डिझाइन नाही, किंवा असून तो ते पाळणार नाही. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा इथेच स्वस्त झालेलं असतं.

आणि एक लक्षात असू द्या. शेवटचा स्लॅब पडला म्हणजे घर झालं असं वाटतं, कारण बाहेरून ते दिसतं. पण निम्म्याच्या आसपास खर्च त्यानंतरचा असतो: प्लास्टर, फरशी, दरवाजे-खिडक्या, वायरिंग, नळकाम, रंग. स्लॅबच्या दिवशी तुमच्याकडे एकूण रकमेतली निदान निम्मी शिल्लक नसेल, तर वरचा मजला आत्ता घेऊ नका. कॉलम आणि पाया दोन मजल्यांचे डिझाइन करून घ्या, खालचं पूर्ण करून राहायला जा. वर निघालेल्या सळया उघड्या ठेवू नका. सिमेंटचं पाणी मारून कमी प्रतीच्या काँक्रीटने झाका, नाहीतर काही वर्षांत त्या गंजून बारीक होतात.

कर्ज कामाच्या मागून येतं

घर बांधायचं कर्ज एकरकमी मिळत नाही. चौथरा, लिंटल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी), स्लॅब, प्लास्टर, शेवटचं काम असे टप्पे असतात. काम झालं, बँकेचा माणूस पाहून गेला, की मग पुढचा हप्ता येतो. ठेकेदाराला मात्र काम सुरू करायच्या आधी पैसे हवे असतात. मधल्या या पोकळीसाठी एका टप्प्याएवढी रक्कम स्वतःची असावी लागते. सोन्यावर कर्ज काढून ती भागवायची वेळ आली तर समजा, कुवतीपेक्षा मोठं घर काढलंय.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण ही किंमत बँकेचा मूल्यांकनकार ठरवतो आणि तो तुमच्या इटालियन मार्बलला फारशी किंमत देत नाही. जुन्या करप्रणालीत व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट हवी असेल तर कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं पाहिजे. रखडलं तर ती ३० हजारांवर येते. काम चालू असताना घरभाडं आणि व्याज दोन्ही भरावं लागतं. वर्षभराचं भाडं वरच्या ४१ लाखांत धरलेलं नाही.

साइटवर रोज कोण उभं राहणार?

आमच्या मते या प्रश्नाचं वजन पैशापेक्षा जास्त आहे. पैसे कमी असले तर घर छोटं करता येतं. लक्ष ठेवणारं माणूस नसेल तर त्याला पर्याय पगारी अभियंता, आणि तोही न परवडणाऱ्याने बांधू नये. मुंबई-पुण्यात किंवा दुबईत बसून गावी व्हॉट्सअॅपच्या फोटोंवर घर बांधलं जातं तेव्हा फोटोत रंग दिसतो, स्टील दिसत नाही.

रोज आठ तास बसायची गरज नाही, पण काही दिवस चुकवता येत नाहीत. फुटिंगची जाळी बसेल तो दिवस, कॉलम भरायचा दिवस आणि स्लॅबचा दिवस. कॉलमची रिंग हातात घेऊन पाहा: तिची दोन्ही टोकं आतल्या काँक्रीटकडे वळलेली, १३५ अंशांत हवीत. काटकोनात नुसती दुमडलेली रिंग भूकंपात उघडते. सळई फळीला टेकलेली नको. मध्ये कव्हर ब्लॉक हवा, स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. फुटलेल्या फरशीचा तुकडा हा कव्हर ब्लॉक नव्हे.

मिक्सरजवळ उभं राहून पाण्याकडे पाहा. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. माल पसरायला सोपा जावा म्हणून कामगार बादलीभर जास्त ओततो. काँक्रीट दिसतं छान, पण ताकद जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब पाझरायला लागतो. नंतर १० दिवस स्लॅबवर वाफे करून पाणी साठलेलं ठेवायचं. आपल्याकडे मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं, त्याला सात दिवस पुरत नाहीत. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू १४ दिवसांआधी काढू देऊ नका. ठेकेदाराला ते दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते.

कॅलेंडरही तपासा. दिवाळीनंतर पाया, फेब्रुवारी-मार्चपर्यंत स्लॅब, मेअखेर बाहेरचं प्लास्टर, पावसाळ्यात आतली कामं असा क्रम बसला तर दुमजली घर १० ते १२ महिन्यांत होतं. परवानगी फेब्रुवारीत हातात आली म्हणून घाईने पाया खणला, तर पाऊस नेमका उघड्या कामावर येतो. मे महिन्यात कामगार गावाला जातात, लग्नसराई असते, पाण्याचा टँकर महाग होतो.

ठेकेदाराशी करार स्टँप पेपरवर हवाच. बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला महारेराचं संरक्षण असतं. आपल्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला नसतं. वाद झाला तर ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तिथे करारच बोलतो. सिमेंट-स्टीलची प्रत, क्षेत्र मोजायची पद्धत, टप्प्यांचे पैसे, मुदत, भाववाढ कोणाच्या माथी, हे लिहा. ५ टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा. काम न होता आगाऊ रक्कम वाढत गेली की ठेकेदार नवी साइट धरतो आणि तुमच्याकडे एकच गवंडी उरतो.

जुनं घर असेल तर

पाडणं हाच एक मार्ग आहे असं धरू नका. जांभ्याचं, सागवानी वाशांचं कोकणातलं घर पुष्कळदा छप्पर, वायरिंग, न्हाणीघर आणि ओल यांवर खर्च करून चाळीस वर्षं सहज पुढे जातं. उलट मराठवाड्यातल्या माळवदाच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या घराकडे मायेने पाहून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं मेली ती प्रामुख्याने असल्या भिंती आणि वरचा जड मातीचा थर अंगावर येऊन. भिंत फुगलेली असेल, तिचे आतले-बाहेरचे दोन पापुद्रे सुटले असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि तो सांगेल तसं करा. दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या निम्म्यावर जायला लागला की नवं घर बरं.

फ्लॅट कधी बरा

बदलीची नोकरी असेल, पुढच्या सात-आठ वर्षांत गाव सोडायची शक्यता असेल, तर बांधू नका. आपल्या आवडीचं घर आपल्याला जेवढ्याचं वाटतं तेवढ्याला दुसरा घेत नाही; गिऱ्हाईक जागेचे पैसे देतं, आतल्या नक्षीचे नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, आणि दुसऱ्या महिन्यात राहायला जाता येतं. म्हातारे आई-वडील एकटे राहणार असतील, तर दुमजली बंगल्यापेक्षा लिफ्टच्या इमारतीत शेजार असलेला फ्लॅट त्यांच्या सोयीचा. त्यांना आधी विचारा.

सगळं जमत असेल, तर शेवटी हे करा

नकाशा मंजुरीला देण्याआधी प्लॉटवर जा. दोरी, खुंट्या आणि फक्कीची पिशवी घेऊन अख्खं तळमजल्याचं घर जमिनीवर आखा, दारंसुद्धा. कागदावर १० बाय १० लिहिलेली खोली भिंतींच्या मध्यापासून मोजलेली असेल, तर सहा इंची भिंत आणि प्लास्टर वजा जाता आत ९ फूट ५ इंच उरतात. त्यात साडेसहा फुटांचा पलंग आणि समोर दोन फूट खोल कपाट ठेवलं की मधे ११ इंच. कपाटाचं दार उघडणार नाही. हे फक्कीच्या रेघेवर कळलं तर नकाशावर एक रेष सरकवून भागतं. वीटकाम झाल्यावर कळलं तर भिंत पाडावी लागते.

घरातल्या सगळ्यांना न्या. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला ओट्याच्या रेघेजवळ उभं करा: खिडकी कुठे, फ्रिज कुठे, पिण्याचं पाणी कुठे, हे तिने सांगायचं. एक प्लास्टिकची खुर्ची न्या आणि दुपारी चार वाजता हॉलच्या चौकोनात बसा. पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर येत असेल तर मोठी खिडकी तिथून हलवा. आर्किटेक्टला त्याच दिवशी बोलावून घ्या आणि बदल जागेवरच नकाशावर लाल पेनने करून घ्या.